बिब्याचे नाव, बदामाचे गाव

भोरच्या बाजारपेठेत माझ्या आजोबांचे अत्तारीचे छोटे दुकान होते. अत्तार म्हटले की लोकांना अत्तराच्या कुप्या आठवतात. पण खेड्यापाड्यांना तोंड देणाऱ्या अत्ताराचा खरा धंदा काष्ठौषधींचा. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, वावडिंग, बाळंतकाढ्याच्या पुड्या, लग्नाचे हळद-कुंकू, पालखीचा बुक्का, ईदचा सुरमा हे सगळे त्या दहा फुटांत मावत असे. गिऱ्हाईक कोणत्या आळीतले आहे हे आजोबा विचारत नसत, फक्त दुखणे कोणते ते विचारत.

दुकानाच्या मांडणीत एक शिस्त होती. वरच्या फळीवर काचेच्या बरण्या. त्यांत बदाम, पिस्ते, अक्रोड, चारोळी, जर्दाळू. खाली जमिनीवर पोती. त्यांत हिरडा, बेहडा, बिबा. बरण्यांतला माल पुण्याहून, भवानी पेठेतून यायचा. पोत्यांतला माल हिर्डोशीच्या खोऱ्यातून, वेल्ह्याकडच्या डोंगरांतून, बायामाणसांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून यायचा. वरच्या बरण्यांना आम्हा पोरांचा हात पोचत नसे आणि खालच्या पोत्यांना लावायची मनाई होती. विशेषतः बिब्याच्या. दादी ओरडायची, "बिब्बे कू हात नको लगाव रे, दाग पडता!"

एकदा ईदच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत डब्यातून शीरखुर्मा नेला. सगळ्यांनी मिळून खाल्ला. खाता खाता एका मित्राने अगदी सहज विचारले, "हे बदाम-पिस्ते तुमच्या मुलखातून येतात ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण 'तुमचा मुलूख' हे दोन शब्द मी दप्तरात घालून घरी आणले आणि आजोबांपुढे ठेवले. आजोबा हसले. त्यांनी बरण्यांकडे पाहिलेच नाही. बिब्याच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पैले ये पूछ, ये कां कां गया."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे अनेक वर्षे थोडेफार वाचन झाले, भोर-वेल्ह्याची राने पायाखाली घातली, तेव्हा हळूहळू कळत गेला. आजोबांच्या त्या एका वाक्याचा हा खुलासा.

आधी शब्दाची अडचण सांगतो. इंग्रजीत ज्याला 'नट' म्हणतात, त्याला मराठीत एक नेमका शब्द नाही. आपण 'सुकामेवा' म्हणतो, पण त्यात खारीक आणि मनुकाही येतात. शाळेच्या पुस्तकात 'कवचफळ' असते, ते बाजारात कोणी मागत नाही. लोकांचे शब्द म्हणजे बी, गर, दाणा, मगज. यातला 'मगज' फारसीतून आला. त्याचा अर्थ मेंदू आणि बीचा गर, दोन्ही. 'मेवा' फारसी. गंमत अशी की करवंदे, जांभळे, तोरणे या अस्सल डोंगरी फळांनाही आपण 'रानमेवा' म्हणतो. रान इथले, मेवा तिथला, आणि या जोडशब्दात कोणालाही सांधा दिसत नाही.

वनस्पतिशास्त्राची कसोटी लावली तर आपल्या सुकामेव्यातले बहुतेक जण खरे कवचफळ ठरतच नाहीत. बदाम ही आंब्यासारख्या कोयीच्या फळातली बी. झाडावर असताना तिच्याभोवती हिरवट, लवदार साल असते. पिकल्यावर ती साल उकलते, आत टणक कोय आणि कोयीत आपला बदाम. पिस्त्याचेही तसेच. अक्रोडाभोवती हिरवी जाड साल असते, ती सोलताना हात काळे होतात आणि कित्येक दिवस तसेच राहतात. काजू फळाच्या पोटात वाढत नाही, बोंडूच्या टोकाला बाहेर लटकतो. भुईमुगाची तर वेगळीच तऱ्हा. त्याचे पिवळे फूल जमिनीवर उमलते, फलधारणा झाली की फुलाच्या बुडातून एक आरी निघते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि शेंग अंधारात भरते. भुईमूग हा झाडावरचा मेवा नव्हेच, तो तूर-हरभऱ्याचा भाऊ. म्हणजे ज्यांना आपण एका ताटात वाढतो त्यांची कुळे निराळी, वाढण्याच्या रीती निराळ्या. त्यांना एकत्र आणले ते स्वयंपाकघराने आणि बाजाराने.

आता भोर-वेल्ह्यात काय पिकते ते पाहू. हा मुलूख सह्याद्रीच्या कण्याला लागून आहे. पश्चिमेकडे वरंधा घाट, मढे घाट. तिथे पाऊस असा कोसळतो की कौलांवर शेवाळ धरते. पूर्वेकडे यावे तसा पाऊस उतरत जातो आणि पुणे-सातारा रस्त्यापर्यंत माळरान लागते. तीस-चाळीस मैलांत रानाचे रूप पालटते. घाटमाथ्याच्या बाजूला हिरडा, जांभूळ, अंजन. मधल्या उतरणीवर ऐन, बेहडा आणि कोरड्या बाजूला बिबा. वस्तीजवळ फणस, त्याच्या आठळ्या भाजून किंवा उकडून खायच्या. खालच्या जमिनीत भात आणि पाणी असेल तिथे उन्हाळी भुईमूग.

हिरड्याचे या मुलखाशी नाते इतके जुने की बारा मावळांतल्या एका मावळाचे नाव हिरडस मावळ. हिरड्याच्या झाडांवरूनच ते पडले असे इथले लोक सांगतात. उन्हाळ्यात कोवळा हिरडा झोडपून वाळवायचा, तो बाळहिरडा. थंडीत पिकून पडेल तो मोठा हिरडा. पोट साफ करायला, कातडे कमवायला, काळी शाई करायला तो लागे. धनगर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरात मीठ-मिरचीचे पैसे हिरड्याने आणले. बेहडा त्याचाच सख्खा. बेहड्याची कोय दगडाने फोडून आतला गर गुराखी पोरे खातात. चव बदामाजवळची. पण मूठभराहून जास्त खाल्ले की डोके गरगरते, हे प्रत्येक पोर स्वतःच्या अनुभवाने शिकते. याच कुळातला तिसरा म्हणजे शाळांच्या आवारात असतो तो देशी बदाम. त्याची पाने थंडीत लालभडक होतात. नाव देशी, पण मूळ आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचे. खऱ्या बदामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याला चव मिळाली, आपण नाव देऊन टाकले.

खरा बदाम इथे का येत नाही? कारण त्याला कडक थंडी लागते. हिवाळ्यात काही आठवडे झाड गारठून झोपले पाहिजे, मग वसंताच्या तोंडाशी पानांच्या आधी फुले येतात. श्रीनगरची बादामवारी त्या फुलांसाठीच प्रसिद्ध आहे. बदामाचे मूळ घर इराण आणि त्याच्या आसपासचा पश्चिम व मध्य आशियाचा डोंगराळ प्रदेश. तिथला रानटी बदाम कडू असतो, आणि कडू बदामात विष असते. कधीतरी एखाद्या झाडात निसर्गतः बदल होऊन बी गोड निघाली, माणसाने ती ओळखली, जपली आणि बागा लावल्या. पिस्त्यालाही थंडी लागते, पण उन्हाळा मात्र तापलेला आणि कोरडा हवा. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी, पराग वाऱ्याने जातात. कवच आपोआप उकललेल्या पिस्त्याला इराणी लोक 'खंदाँ' म्हणतात, म्हणजे हसरा. आमच्या घाटमाथ्यावर चार महिने ढग उतरलेले असतात. तिथे पिस्ता हसणार कसा?

म्हणजे मित्राच्या प्रश्नात अर्धे खरे होते. बदाम-पिस्ते दूरच्या मुलखातूनच येतात. प्रश्न एवढाच, की रस्ता एकेरी होता का? इथे आजोबांचा बिबा पुढे येतो.

बिब्याचे झाड दिसायला साधे. पाने मोठी, खडबडीत. फळाची रचना मात्र पाहण्यासारखी. वर नारिंगी, मांसल भाग असतो, तो वाळवून खातात, त्याला बिब्याचे फूल म्हणतात. त्याच्या टोकाला काळा, चकचकीत, हृदयाच्या आकाराचा बिबा. त्याच्या सालीत दाहक काळे तेल. अंगाला लागले तर फोड येतात, कपड्याला लागले तर डाग जन्मभर जात नाही. म्हणूनच धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत. आणि या जहाल कवचाच्या आत एक पांढरा, गोड गर असतो. तो गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घालतात ती. मावळातल्या जुन्या बायांना विचारा, बदाम परवडत नव्हता तेव्हा अंगात ताकद आणायला गोडंबीच होती.

संस्कृतात बिब्याला भल्लातक म्हणतात. चरकसंहितेत त्याचे कल्प दिले आहेत. हा शब्द फारसीत जाऊन 'बलादुर' झाला आणि अरबीत 'बलाधुर'. बगदादच्या हकिमांनी बिबा स्मरणशक्ती वाढवणारे औषध म्हणून स्वीकारला. जपून द्यायचे, मात्रा चुकली तर माणूस भ्रमिष्ट होतो, असेही त्यांनी सांगून ठेवले.

नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद बिन याह्या नावाचा एक मोठा इतिहासकार होऊन गेला. इस्लामच्या पहिल्या दोन शतकांतल्या विजयांचा इतिहास सांगणारा त्याचा 'फुतूह अल-बुल्दान' हा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हातात असतो. इ.स. ८९२ मध्ये तो वारला. त्याला जग ओळखते ते 'अल्-बलाधुरी' या नावाने. म्हणजे मराठीत सांगायचे तर 'बिबेवाला'. परंपरा सांगते की बलाधुर प्रमाणाबाहेर घेतल्याने त्याची बुद्धी भ्रमली आणि त्यातच त्याचा अंत झाला. काही जुने चरित्रकार म्हणतात की ही गोष्ट त्याची नसून त्याच्या आजोबांची. कोणाची का असेना, पण आपल्याकडच्या रानातल्या एका बीचे नाव अरबी इतिहासलेखनाच्या मुकुटावर जाऊन बसले, एवढे पक्के.

आणि याच बलाधुरीच्या ग्रंथात आपल्या किनाऱ्याची एक नोंद आहे. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, इ.स. ६३६-३७ च्या सुमारास, बहरैन-ओमानचा कारभारी उस्मान बिन अबी अल्-आस याने 'ताना' म्हणजे आपल्या ठाण्यावर एक आरमारी तुकडी पाठवली. ही गोष्ट खलिफांना आवडली नाही. परवानगीवाचून माणसांना समुद्रावर धाडल्याबद्दल त्यांनी त्याला खडसावले. अरब आणि कोकण यांच्या भेटीच्या अगदी आरंभीच्या लेखी नोंदींपैकी ही एक, आणि ती लिहिणाऱ्याच्या नावात बिबा! जहाजे इथे आली याची नोंद इतिहासकाराने केली. बिबा तिथे कधी पोचला याची नोंद कोणी केली नाही, ती त्याच्या आडनावात राहून गेली.

हिरड्याची वाटही तीच. हरीतकीचा फारसीत 'हलीला' झाला, बेहड्याचा 'बलीला', आवळ्याचा 'आमला'. तिघांची मिळून त्रिफळा, तिचे युनानी वैद्यकात झाले 'इत्रीफल'. आजही युनानी दवाखान्यात इत्रीफलची बरणी असते, आणि ती घेणाऱ्याला वाटते की हे नाव अरबस्तानातले. त्याहून मजा म्हणजे मोठ्या, भरीव हिरड्याला हकीम 'हलीला काबुली' म्हणत. हिरडा काही काबूलच्या बर्फात पिकत नाही. हिंदुस्थानातला माल काबूलच्या बाजारातून पुढे जायचा, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाने त्याला काबुली ठरवले. खैबरच्या वाटेने बदाम इकडे आला आणि हिरडा तिकडे गेला. दोघांनाही दुसऱ्या टोकाला 'काबूलचा माल' म्हणून ओळखले गेले. आजोबांच्या वरच्या बरणीतला आणि खालच्या पोत्यातला माल एकाच रस्त्याचे प्रवासी होते, तोंडे फक्त उलट दिशांना.

बिब्याची गोष्ट बगदादला संपत नाही. युरोपच्या औषधविक्रेत्यांनी बिबा अरबांकडून घेतला. हृदयाच्या आकारावरून लॅटिनमध्ये त्याला 'अ‍ॅनाकार्डियम' हे नाव रूढ झाले होते. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे हिंदी औषधींवरचे पुस्तक छापून निघाले. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात जा-ये करणारा, दख्खनी हकिमांशी चर्चा करून लिहिणारा माणूस. त्याने बिब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काजूचा मात्र त्याच्या पुस्तकात पत्ता नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोस्ता या दुसऱ्या वैद्याच्या पुस्तकात कोचीनच्या बागांतल्या काजूच्या झाडांचा उल्लेख येतो. म्हणजे आज ज्याच्याशिवाय कोकण-गोव्याचे चित्र पुरे होत नाही, तो काजू तेव्हा नुकता जहाजातून उतरलेला पाहुणा होता.

जाता जाता ओर्ताबद्दल एक गोष्ट. तो मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती झालेला. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळली. ज्याने या भूमीतल्या प्रत्येक बीचे कूळ आपुलकीने लिहून ठेवले, त्याचेच कूळ शोधणारे निघाले. कूळ शोधण्याचे हे दोन प्रकार लक्षात ठेवावेत असे आहेत.

काजू मूळचा ब्राझीलचा. तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू'चा पोर्तुगीजांनी 'काजू' केला आणि आपण तो तसाच उचलला. केरळात त्याला 'परंकिमावु' म्हणतात, म्हणजे फिरंगी आंबा. नाव ठेवणाऱ्याची नजर बारीक होती, कारण आंबा, काजू, बिबा, चारोळी आणि पिस्ता हे सगळे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच आम्रकुळातले. १७५३ मध्ये लिनियसने जगातल्या वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्याने 'अ‍ॅनाकार्डियम' हे बिब्याचे जुने नाव या अमेरिकन काजूला देऊन टाकले आणि पुढे 'पश्चिमेचा' असे विशेषण जोडले. रचना सारखीच: वर मांसल बोंडू, टोकाला बी, सालीत जाळणारे तेल. पुढे बिब्यासाठी 'खूण करणारे फळ' अशा अर्थाचे नवे ग्रीक नाव घडवावे लागले, आणि त्याचे स्वतःचे नाव त्याच्या मागे दुय्यम म्हणून लावले गेले. मूळ मालक घराच्या मागच्या दाराशी उभा राहिला.

बाजारातही तेच झाले. काजूला उष्ण, दमट हवा आणि निचऱ्याची जमीन लागते, थंडीचे वावडे असते. कोकणातल्या जांभ्या कातळाच्या उतारावर तो रुजला. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने त्याच्या जाती काढल्या. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने तो डोंगरउतारांवर पसरला. घाटाखाली महाड-पोलादपूरकडे तो झाला, आमच्या घाटमाथ्यावर मात्र तितका रमला नाही. आज काजूला कोणी परदेशी म्हणत नाही, म्हणूही नये. चार-साडेचार शतके ज्याने इथल्या मातीत मुळे रोवली, तो इथलाच. पण गोडंबी म्हणजे काय, हे पुण्यातल्या दुकानात विचारावे तर तरुण विक्रेता आपल्याकडे पाहत राहतो.

भुईमुगाचेही बघा. तो दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकानंतर केव्हातरी इकडे आला आणि मराठी स्वयंपाकात असा मुरला की शेंगदाण्याच्या कुटावाचून आमची भाजी मिळून येत नाही. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथला, बटाटा तिथला, मिरचीही अमेरिकेतलीच. ज्या उपवासाला ज्वारी-गहू चालत नाहीत, त्याला हे चारही पाहुणे चालतात! आणि दुसरीकडे आमचा ईदचा शीरखुर्मा. 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, नाव संपूर्ण फारसी. पण त्यात चारोळी नसेल तर दादी त्याला शीरखुर्मा म्हणत नसे. चारोळी सातपुड्याची, मेळघाटची, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांची. ती इराणला माहीत नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त तुराणी फळे आणि हिंदुस्थानी फळे वेगवेगळी मांडली आहेत, तिथे ही चिरोंजी हिंदुस्थानच्या सुक्या मेव्यात बसली आहे. म्हणजे उपवासाची खिचडी घडली अमेरिकेच्या मालातून आणि ईदच्या वाडग्यात तरंगते आदिवासी बाईने जंगलात वेचलेली बी. हे कोणाला खिजवायला सांगत नाही. पदार्थाची पवित्रता त्याच्या जन्मगावावर ठरत नाही, तो कोणत्या भावनेने रांधला यावर ठरते, एवढेच दोन्ही वाडगी सांगतात.

नावांविषयी आणखी थोडे. वेल्ह्याच्या परिसरातले राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले औरंगजेबाने १७०४ मध्ये घेतले. राजगडाचे नाव ठेवले नबीशाहगड आणि तोरण्याचे फुतूहुल्गैब. हुकूम बादशहाचा होता, पण डोंगरातल्या माणसाच्या जिभेवर ती नावे चढली नाहीत आणि लवकरच विरून गेली. त्याआधी शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या काळात राजव्यवहारकोश सिद्ध झाला. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्याच्या स्वत्वासाठी तो मोठा प्रयत्न होता. तरीही मराठी माणसाच्या मुखात बदाम बदामच राहिला, पिस्ता पिस्ताच राहिला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. नावे बदलणे हा राज्यकर्त्यांचा जुना अधिकार आहे. पण दप्तरातली नावे हुकमाने येतात, ताटातली नावे हाताने येतात. दुसरी जास्त टिकतात असे इतिहास पाहून वाटते, कारण त्यांत कोणी कोणाला हरवलेले नसते.

हाताची गोष्ट निघाली म्हणून शेवटचे सांगतो. या सगळ्या मेव्यांमध्ये एक समान धागा आहे, तो हातावरच्या डागाचा. काश्मीरमध्ये सप्टेंबरात अक्रोड सोलणाऱ्यांचे हात काळे होतात. कोकणात काजूबी फोडणाऱ्या बायांची बोटे तेलाने सोलवटतात. विदर्भातल्या काही गावांत आजही बाया बिबे फोडून गोडंबी काढतात. त्या तेलाने त्यांचे हात, चेहरे भाजून निघतात. आपल्यापर्यंत येतो तो पांढरा, स्वच्छ गर. डाग फोडणाऱ्याकडे राहतो. आमच्या दुकानात हिरड्याची पाटी घेऊन येणारी बाई वरच्या बरण्यांकडे कधी मान वर करून पाहत नसे. तिच्या दिवसभराच्या वेचणीतून मूठभर बदामही आले नसते. आजोबा कधी तिच्या पोरासाठी दोन बदाम पुडीत घालत. ते दानशूर होते म्हणून नव्हे. त्यांना हिशेब ठाऊक होता. बगदादपासून काबूलपर्यंत ज्या मालाचे नाव झाले, तो वेचणारी हीच.

आता चित्र पालटले आहे. आज जगातला बहुतेक बदाम इराणातून नव्हे, तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून येतो. तिथे तो अठराव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी नेला. शीरखुर्म्यातला बदाम आता खैबरची वाट चढत नाही, पॅसिफिक ओलांडून येतो. इकडे भोर-वेल्ह्यात उतारांवर प्लॉट पडत आहेत, शेतघरे उभी राहत आहेत. सपाटीकरणात पहिला नंबर लागतो तो बिब्याच्या झाडाचा. त्याचे कोणाला प्रेम नाही. अंगावर उतते म्हणून पाहुणे तक्रार करतात, आणि झाड तोडले जाते. हिरड्याला निदान भाव आहे. बिब्याला ना भाव, ना नाव.

आजोबा गेले, दुकानही गेले. मागच्या ईदला मी शीरखुर्म्यात मुद्दाम थोडी गोडंबी घातली. घरात कुरकुर झाली, "ये क्या डाले?" दादी असती तर कदाचित तीही रागावली असती. पण नातवाने चमच्यावर घेऊन विचारले, "दादा, ये कौनसा बदाम है? कां से आया?"

मी म्हणालो, "येच का है, बेटा. पैले ये पूछ, ये कां कां गया."